भोंगा थांबल्यावर

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूर झोपत नाही. गिरणी कामगारांनी सजविलेले चित्ररथ, ज्यांना तेथे ‘झांकी’ म्हणतात, पहाटेपर्यंत रस्त्यांतून फिरत असतात. ही प्रथा सुमारे शंभर वर्षांची. नवल असे की, ज्या गिरण्यांच्या नावांनी हे रथ निघतात त्यांचे भोंगे केव्हाच थांबले आहेत. हुकुमचंद गिरणी १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला, तो २५ डिसेंबर २०२३ रोजी! वाट पाहण्यात एक पिढी सरली.

गर्दीत आमच्या शेजारी एक वृद्ध विणकर आपल्या नातीसह उभे होते. मराठी ऐकून ते आपुलकीने बोलू लागले. “माग कोठे अडला, हे आम्हांला आवाजावरून कळे. तेव्हा हात कधी कापला नाही, या काचेवर बोट ठेवताना मात्र कापतो,” असे म्हणून त्यांनी खिशातील मोबाईल दाखविला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुपर कॉरिडॉरकडे गेलो. तेथे टीसीएस व इन्फोसिस यांच्या भव्य इमारती आहेत. येथेही हजारो हात राबतात. परंतु सूत नाही, धूर नाही, भोंगाही नाही. गिरणीचे शहर संगणकाचे झाले. पण गिरणीत झिजलेल्या हातांना त्या दारातून आत कसे जाता यावे?

वाचकहो, हा प्रश्न एकट्या इंदूरचा नव्हे. संपन्न युरोपातही २०२३ साली शंभर प्रौढांपैकी सुमारे ५६ जणांनाच संगणकाची प्राथमिक कौशल्ये अवगत होती. २०३० पर्यंत ही संख्या ८० वर नेण्याचा युरोपीय संघाचा संकल्प आहे. आपल्या देशात २०१७ साली ग्रामीण कुटुंबांसाठी सहा कोटी घरांतील एकेका माणसाला २० तासांचे शिक्षण देण्याची सरकारी योजना निघाली. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचे वर्ग तर २००१ पासून गावोगावी पोहोचले. तथापि आमच्या मते, धंदा बुडाल्यावर विद्या शोधणे हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. जुने काम हाती असतानाच नवे शिकावे, आणि शिकविणाऱ्याने वडीलधाऱ्यांच्या अडखळण्याला हसू नये.

त्या रात्री चहाचे पैसे देण्यास नात पुढे झाली. लगेच थबकून म्हणाली, “आजोबा, तुम्हीच द्या.” आजोबांनी दोनदा चुकून तिसऱ्यांदा मोबाईलवरून पैसे दिले. दुकानातील यंत्राने रक्कम मोठ्याने सांगितली. तो आवाज ऐकताच म्हाताऱ्याच्या मुद्रेवर जे समाधान उमटले, ते आम्ही विसरणार नाही. आपल्या घरात आज असे कोण थांबून राहिले आहे?