दुसरं प्रकरण आणि नायगावचं पत्र

पीएच.डी.च्या प्रबंधात दुसरं प्रकरण बहुधा ठरलेलं असतं : ‘संबंधित साहित्याचा आढावा’. साहित्य म्हटल्यावर आमच्या अम्मीला वाटलं, नात कथा-कादंबऱ्यांवर लिहितेय. इथे साहित्य म्हणजे त्या विषयावर आधी झालेलं संशोधन, अहवाल, ग्रंथ. बहुतेक प्रबंधांत हे प्रकरण एकाच साच्यातून निघतं. अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला, त्यांचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे. मग तमुक. साल बदलतं, नाव बदलतं, वाक्य तेच राहतं. ग्रंथालयात जुने प्रबंध चाळा, या प्रकरणाची पानं सगळ्यांत कमी हाताळलेली दिसतील.

माझ्या बहिणीची मुलगी सांगलीत असते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या मुस्लिम मुली दहावीनंतर कुठे जातात, हा तिचा विषय. मार्गदर्शकांनी तिचं दुसरं प्रकरण परत दिलं तेव्हा समासात पेन्सिलीने एकच शब्द होता : ‘मग?’ साठेक नोंदी ओळीने वाचून त्यांनी जे विचारलं ते मला रास्तच वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत ती प्रकरण घेऊन साताऱ्याला माझ्याकडे आली आणि चार दिवस आम्ही दोघी त्या कागदांत बुडालो.

पहिलं काम कात्रीचं. प्रत्येक नोंद वेगळी कापली आणि सतरंजीवर पसरली. सालाचा क्रम सोडून दिला. एकच विचारायचं ठरवलं : या अभ्यासकाने प्रश्न कुणाला विचारला? मुलीला, बापाला, शिक्षकाला, की नुसत्या आकड्याला?

सगळ्यांत मोठा ढीग आकड्यांचा झाला. सच्चर समितीचा २००६चा अहवाल, महाराष्ट्रापुरता महमूद-उर-रहमान समितीचा २०१३चा अहवाल, आणि त्यांच्यावरून बेतलेले कित्येक लेख. हे आकडे नसते तर आपण अजून ‘आमची मुलं शिकत नाहीत का?’ असल्या वादात अडकलो असतो, म्हणून त्यांचं मोल मला ठाऊक आहे. पण टक्केवारीतल्या मुलीला गाव नसतं. तिच्या गावातून कॉलेजला जाणारी एसटी सकाळी किती वाजता सुटते आणि संध्याकाळी शेवटची किती वाजता परतते, हे त्या ढिगात कुठेच नव्हतं.

दुसरा ढीग कायद्याचा. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत काढला, २२ मार्च १९७०ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. काही वाचकांना रुचणार नाही, तरी सांगते : ते काम गरजेचं होतं. मात्र त्यानंतर आपल्या बाईवर लिहिणाऱ्या अनेकांना ती तलाकच्या दारातच दिसत राहिली. अकरावी सायन्सला प्रवेश शोधणारी सोळा वर्षांची पोरगी त्या दारात उभीच नसते, मग ती त्यांना दिसायची कशी?

ढीग लावताना जिल्ह्याचाही घोळ निघाला. १८८५च्या सातारा गॅझेटियरमधला सातारा म्हणजे आजचा सातारा नव्हे. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती. १ ऑगस्ट १९४९ला दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे १९३० सालच्या कुठल्या लिखाणात ‘सातारा जिल्ह्यातील मुसलमान’ असं आलं, तर त्यात इस्लामपूरची मुलगी आहे, मिरजेची नाही. भाचीने दोन्ही जिल्ह्यांची ‘तेव्हाची’ आणि ‘आजची’ तुलना एकाच तक्त्यात मांडली होती. तो तक्ता आम्ही मोडला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ला साताऱ्यात काढलेल्या, सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणाऱ्या वसतिगृहाची नोंदही जागेवरून हलली. तिथे राहणारी मुलं होती, आणि तिचा प्रश्न मुलींचा आहे.

खरी ओढाताण झाली ती फातिमा शेख यांच्या पानावर.

अख्खं पान होतं. जन्म ९ जानेवारी १८३१, भारतातल्या पहिल्या मुस्लिम शिक्षिका, कुठे शिकल्या, कुणाला शिकवलं, लोकांनी दगड मारले तरी डगमगल्या नाहीत. भाचीच्या मोबाईलवर २०२२च्या ९ जानेवारीचं गुगलचं डूडलही जपून ठेवलेलं आहे. प्रत्येक वाक्याखाली तळटीप होती. एकेक तळटीप धरून आम्ही मागे जायला लागलो. लेख दुसऱ्या लेखाकडे बोट दाखवायचा, दुसरा एका पाक्षिकाकडे, आणि पाक्षिक पुन्हा पहिल्याच लेखाकडे. उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला घरात आसरा दिला, हे चरित्रांतून सांगितलं जातं. जन्मतारखेखाली मात्र आमच्या हातातल्या एकाही पुस्तकात कागद नव्हता.

सगळे धागे ओढल्यावर हातात उरलं एक पत्र. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ला जोतीरावांना लिहिलेलं, मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’मध्ये छापलेलं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने हा ग्रंथ १९८८ला काढला. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी आल्या होत्या, नायगावला. हे नायगाव खंडाळा तालुक्यातलं, म्हणजे आमच्या साताऱ्यातलं. इथून पुण्याच्या कामाची काळजी करताना त्या फातिमाचं नाव घेतात. आपल्यामागे तिच्यावर भार पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा अर्थाचा तो उल्लेख आहे. एवढंच. आडनाव नाही, वय नाही, ‘पहिली’ असा शब्द नाही.

भाचीचा चेहरा उतरला. “खाला, जानेवारीत काय झालं ते तुला माहीत आहे ना?” २०२५च्या जानेवारीत एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केलं होतं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं. किती गोंधळ झाला! आपल्याकडच्या कित्येकांनी घाईघाईने तेच जुने लेख, तीच चित्रं, तीच जन्मतारीख पुढे केली. “आता मीच हे पान कापलं,” ती म्हणाली, “तर लोक म्हणतील, घरचीच पोरगी मागे सरली.”

मी तिला विचारलं, त्या पत्रकाराला उत्तर कशाने मिळालं? डूडलने? जन्मतारखेने? अभ्यासकांनी दाखवलं ते हेच पत्र. त्याने सांगितलेल्या काळाच्या कितीतरी आधी ते सरकारी ग्रंथात छापून बसलं होतं. पानभर मजकुरातली ज्याला कागदाचा आधार आहे ती ओळ कुणाला खोडता येत नाही. बाकीची ओझी तिच्यावर लादली, की जन्मतारीख खोटी ठरवून कुणीही अख्खी बाईच खोटी ठरवू शकतो.

बराच वेळ ती बोलली नाही. चहा गार झाला. मग तिने पान कापलं, तीन ओळी ठेवल्या, आणि तळटीपेत स्वतःहून लिहिलं की मूळ हस्तलिखित नव्हे, छापील मजकूर पाहिला आहे. हे वाक्य फार कमी प्रबंधांत वाचायला मिळतं.

त्या तीन ओळींनी प्रकरणाचा तोंडवळाच बदलला. ‘पहिली’ म्हणून पुतळा उभा केला की पुढे विचारायला काही उरत नाही. पण आजारी मैत्रिणीच्या माघारी रोजचं काम कुरकुर न करता ओढणारी फातिमा समोर आली, की प्रश्न सुचतात. आज इस्लामपूर, कराड, मिरजेत मुलींची शाळा रोज कोण ओढतं? मुलगी दोन दिवस आली नाही तर घरी निरोप कोण पाठवतं? ती दहावीनंतर थांबली, हे कुणाच्या कागदावर उमटतं? सतरंजीवरच्या साठ नोंदींपैकी या प्रश्नाजवळ जाणाऱ्या जेमतेम सात होत्या. त्या सात आता प्रकरणाच्या मध्यभागी आहेत, आकड्यांचा ढीग दोन परिच्छेदांत मावला आहे.

सध्या ती सांगली जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत जनरल रजिस्टर उतरवून घेते आहे. मोठं, जाड, कडा झिजलेलं रजिस्टर : दाखल तारीख, धर्म-जात, शाळा सोडल्याची तारीख, शेवटी शाळा सोडण्याचं कारण. परवा तिचा फोन आला. “खाला, बहुत सी लडकियों के आगे एकच लिखा है.” मुख्याध्यापक बदलले, शाई बदलली, अक्षर बदललं, तरी कारणाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा तेच : पालकांच्या अर्जावरून. अर्जाच्या फायली शाळेने ठेवलेल्या नाहीत. पुढच्या आठवड्यापासून ती त्यांतल्या काही मुलींची घरं शोधणार आहे. पत्ते जुने आहेत, बऱ्याच जणी लग्न होऊन गेल्या असतील. मी तिला म्हटलं, आयांपासून सुरुवात कर.