कुलूप आपलं, किल्ली त्यांची

आमच्या दुकानाच्या खणात बोटाएवढा एक प्लॅस्टिकचा तुकडा पडलेला आहे. त्याला डोंगल म्हणतात. १९९८ साली शहापूरला मी डीटीपीचं दुकान घातलं, तेव्हा मराठी-कानडी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरबरोबर हा आला. संगणकाच्या मागे, प्रिंटरची वायर जिथं लावतात तिथं तो खोचायचा. तो असेल तरच सॉफ्टवेअर सुरू होणार. मंगळसूत्र मोडून घेतलं नव्हतं, पण दोन बांगड्या गेल्या होत्या, एवढं सांगते.

त्या सॉफ्टवेअरवर किती लग्नपत्रिका केल्या, किती पूजेची पत्रकं, त्याचा हिशोब नाही. २००४ च्या चातुर्मासात मात्र एक घरचं काम केलं. आमच्या आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, व्रतकथा, जात्यावरच्या ओव्या आणि जुन्या कृती तोंडपाठ होत्या. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्या सांगायच्या, मी टाइप करायची. "अगं, मी सांगतो तसंच लिही, शाणपणा करू नको," असं दम देऊन सांगायच्या. एकशे चाळीस पानं झाली. छापू छापू म्हणताना आठ वर्षं गेली आणि आत्तीही गेल्या.

त्यांच्या स्मरणार्थ पुस्तिका काढून घरोघर द्यायची ठरली आणि नेमका तेव्हाच डोंगल मेला. पडद्यावर एक ओळ आली, परवाना सापडत नाही. काढला, पुसला, परत लावला. काही नाही. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली, पण बोलली ते असं: ही आवृत्ती बंद झाली, नवी पूर्ण किमतीला घ्यावी लागेल, आणि जुन्या फायली तिच्यात उघडतीलच याची हमी नाही.

पैसे मोजले, पावती आहे, संगणक माझा, शब्द आत्तींचे. तरी दार उघडेना.

संगणक दुरुस्त करणारा पोरगा म्हणाला, "काकू, कशाला डोकं पिकवता? क्रॅक टाकून देतो की. दहा मिनिटांचं काम." पुण्याच्या लेकीला विचारलं. ती संगणकातलीच. म्हणाली, "आई, तू पैसे दिलेस की! यात चोरी कसली?" मग तिनं तिचंच रडगाणं सांगितलं. त्यांच्या ऑफिसात एका महागड्या सॉफ्टवेअरचे दहा परवाने आणि माणसं बारा. अकराव्यानं कुणीतरी उठेपर्यंत वाट बघत बसायचं. परवाने वाटणारा सर्व्हर बंद पडला की बाराही जण चहाला. "आणि ज्यांनी चोरून घेतलंय ना, त्यांचं कधीच अडत नाही!" तिचा खरा राग इथं होता.

राग खरा आहे. पण दुसरी बाजूही खरी. १९७६ साली बिल गेट्सनी हौशी संगणकवाल्यांना उघडं पत्र लिहिलं होतं, की आमचा प्रोग्रॅम तुम्ही फुकट वाटून घेता, मग तो लिहिणाऱ्यानं जगायचं कसं? ओळखीच्यानं पत्रिका फुकट करून मागितली की मी तरी काय म्हणते? आणि कबूल करते, दुकान नवं असताना चित्रांच्या सॉफ्टवेअरची कॉपी केलेली सीडी मीही घेतली होती. चोरीचा माल विकत घेणं हा अचौर्य व्रताचा अतिचार, तदाहृतादान, हे पाठशाळेत मीच मुलांना शिकवत होते. ती सीडी घेताना ते आठवलं नाही.

पण त्याच यादीत हीनाधिक मानोन्मान हाही अतिचार आहे. देताना एक माप, घेताना दुसरं. सॉफ्टवेअर 'विकत' दिलं म्हणायचं आणि प्रत्यक्षात आमची मर्जी आणि डोंगल टिकेल तोवर वापरायला द्यायचं, हे कुठलं माप? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं विकत घेणाऱ्याला नुकसानीपासून बचावापुरती प्रत काढायची मुभा दिलेली आहे. सीडीची प्रत काढता येते. डोंगलची कशी काढायची, सांगा.

मी क्रॅक टाकला नाही. फार मोठा विचार केला असं नाही. व्रतांच्या कथा, आणि त्या बाहेर काढायला पहिली पायरी ही? हात धजला नाही, एवढंच. नवी आवृत्तीही घेतली नाही. माळ्यावरची खोकी उपसली. तिथं जुने प्रूफ सापडले, आत्तींच्या शिसपेन्सिलीच्या खुणांसकट. एका ठिकाणी समासात लिहिलंय, "हे मी असं म्हटलं नव्हतं." रोज जेवणं आटोपल्यावर बसून सगळं युनिकोडमध्ये परत टाइप केलं. त्याला कुणाचा परवाना लागत नाही.

प्रूफ चौऱ्याण्णव पानांचेच होते. पुस्तिका तेवढीच निघाली. उरलेली शेहेचाळीस पानं त्या जुन्या संगणकात आहेत. मांड्यांची कृती त्यातच आहे. मांडे मला येतात, पण आत्ती ते कसं सांगायच्या, तो त्यांचा शब्द आत राहिला.

लेक अजून म्हणते, "आई, उगाच हट्ट केलास." असेलही. कधीकधी रात्री दुकान बंद करताना खण उघडते, डोंगल हातात घेते, आणि त्या पोराचा नंबर आठवतो. मग खण लावते.

तुम्हाला मात्र एक सांगते, बायांनो. सासूबाईंचं, आईचं काही संगणकात घालून ठेवलं असेल, तर आजच कागदावर काढून ठेवा. कागदाला डोंगल लागत नाही.