रांग कितीही लांब असो

मिरज,
रविवार दुपार

चि. मनूस,


पत्र मिळालं. कलेक्शन रूममध्ये लागलीस, बरं वाटलं. उपाशीपोटी आलेल्यांची सकाळी सातलाच रांग, शेजारच्या टेबलावरचा दादा तुझा एक पेशंट होईपर्यंत दोघांना मोकळं करतो आणि इनचार्ज मॅडम ‘हात उचल जरा’ म्हणतात, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. वेग कसा वाढवायचा, असं तू विचारलंयस. सांगते. पण या कामात घाई कुठे करायची आणि कुठे मुळीच नाही, याच्या जागा ठरलेल्या आहेत. रांग बघून घाबरलेला माणूस नेमका उलट वागतो. थांबायचं तिथे पळतो आणि पळायचं तिथे रेंगाळतो.

थांबायची पहिली जागा म्हणजे नाव. ‘तुम्ही पाटीलबाई ना?’ असं कधी विचारू नकोस. उपाशी, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हण आणि त्याच्या तोंडून येऊ दे. मग वय किंवा केसपेपरचा नंबर फॉर्मशी ताडून बघ. एकाच गावाहून एकाच आडनावाची चार माणसं एका गाडीतून आलेली असतात, हे तुला मी काय सांगायचं! ट्यूबवर नाव घालायचं ते रक्त घेऊन झाल्यावर, पेशंट समोर बसलेला असतानाच. आधीच नावं चिकटवून ठेवलेल्या ट्यूबांनी थोडा वेळ वाचतो खरा, पण त्यातली एखादी भलत्याच्या वाट्याला गेली की कुणालाच कळत नाही. साखरेचा रिपोर्ट बदलला तर नको ते औषध सुरू होईल. क्रॉसमॅचचा नमुना बदलला तर चुकीच्या गटाचं रक्त चढून माणूस दगावेल.

नावापाठोपाठ आणखी काही प्रश्न. पूर्वी रक्त देताना चक्कर आली होती का? आली असेल तर बसवू नकोस, आडवंच कर. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? असेल तर शेवटी कापूस जास्त वेळ दाबायचा. डायलिसिसचा फिस्टुला असलेल्या हाताला हात लावायचा नाही. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं असेल तर त्या बाजूचा हातही सोडायचा. सलाईन चालू असलेल्या हातातून घेतलेल्या रक्तात सलाईनच मिसळलेलं असतं, मग साखर आणि सोडियम खरं कुठून येणार?

आता शीर. डोळ्यांनी शोधू नकोस, बोटाने शोध. वर निळी दिसणारी शीर बऱ्याचदा बारीक आणि पळपुटी निघते. कोपराच्या खळग्यात मधोमध तिरकी जाते ती मीडियन क्युबिटल. जाड, आणि सहसा जागा न सोडणारी. ती लागली नाही तर अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक बघ. करंगळीच्या बाजूची बॅसिलिक शेवटी, कारण तिच्या आसपासच ब्रेकियल धमनी आणि मोठी नस जाते. दाबल्यावर रबरी नळीसारखी उसळून येते ती शीर. ताठ, कडक लागतं ते स्नायूचं टोक. ठोका लागला तर ती धमनी, तिथून बोट उचल. हातमोज्याचं बोट कापून शीर चाचपणारे तुला भेटतील. अशा मोज्याचा उपयोग काय, ते त्यांनाच विचार. दंडावर चापट्याही मारू नकोस. हात खाली लोंबता ठेवायला सांग, गरम फडक्याने शेकव. शीर वर येते.

टूर्निके मात्र घाईची जागा. खळग्याच्या चार बोटं वर बांधायचा आणि एका मिनिटाच्या आत सोडायचा. जास्त वेळ राहिला की शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, प्रथिनं आणि कॅल्शियम वाढून दिसतात. मूठ एकदा मिटून धरली तर पुरे. पेशंटला मूठ उघडझाप करायला लावलीस तर पोटॅशियम खोटंच वर जातं. पट्टा बांधून मग कापूस, स्पिरिट, सुई शोधत बसणारे हे मिनिट तिथेच घालवतात. म्हणून आधी सगळं मांडून घे. पट्टा बांध, शीर हेर, पट्टा सोड. मग सत्तर टक्के अल्कोहोलने अर्धा मिनिट पूस आणि पुढचा अर्धा मिनिट सुकू दे. फुंकर घालायची नाही, हाताने वारा घालायचा नाही. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की पेशंटला झोंबतं आणि रक्तातल्या पेशीही फुटू शकतात. सुकलं की पट्टा पुन्हा बांध, आणि आता त्या जागेला बोट लावू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने रक्त काढण्याबद्दल २०१० साली मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यातही हा अर्धा अर्धा मिनिट असाच दिलेला आहे. पण रांग वाढली की पहिला बळी त्याचाच जातो.

सुई घालताना घुटमळू नकोस. डाव्या अंगठ्याने शिरेच्या खालची कातडी ताणून धर, सुईचं उघडं तोंड वर, कोन तीस अंशांपेक्षा कमी, आणि एका सरळ हालचालीत आत. रक्त आलं की हात स्थिर. नाही आलं तर सुई किंचित पुढे किंवा मागे घेऊन बघ. आतल्या आत डावी-उजवीकडे उकरायचं नाही. ‘करंट लागला’, ‘बोटांत झिणझिण्या आल्या’ असं पेशंट म्हणाला तर त्याच क्षणी सुई बाहेर. नस दुखावली असू शकते. लालभडक रक्त उसळत आलं तर धमनीत गेलीस. पट्टा सोड, सुई काढ आणि किमान पाच मिनिटं घट्ट दाबून धर. दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा टोचू नकोस, दुसऱ्याला बोलाव. यात कमीपणा नाही.

सिरिंजने घेत असशील तर दट्ट्या हळू ओढ. जोराने ओढलं किंवा ट्यूबमध्ये जोराने ढकललं की पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम सीरममध्ये उतरतं. मग लॅब नमुना परत पाठवते आणि तोच माणूस पुन्हा तुझ्यापुढे येऊन बसतो. वाचवलेला वेळ व्याजासकट गेला. ट्यूब हातात धरून टोपणात सुई खुपसू नकोस. स्टँडमध्ये ठेव आणि रक्त व्हॅक्यूमला ओढू दे. क्रम पाठच कर: आधी कल्चरची बाटली, मग फिकट निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी राखाडी. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए पोटॅशियमचं असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. त्याचा अंश पुढच्या लाल ट्यूबमध्ये गेला की धडधाकट माणसाचं पोटॅशियम घाबरवण्याइतकं वर आणि कॅल्शियम खाली दिसतं. फिकट निळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असा हिशेब असतो. सगळ्या ट्यूब अलगद उलट्यासुलट्या करायच्या, घुसळायच्या नाहीत.

पट्टा सोडल्याशिवाय सुई काढायची नाही. कापूस सुई बाहेर आल्यावर दाबायचा. ‘हात दुमडून धरा’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात, त्याने काळंनिळं पडतं. हात सरळ ठेवूनच दाबायला सांग आणि रक्त थांबलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय पेशंटला उठवू नकोस.

आता तुझी स्वतःची काळजी. वापरलेल्या सुईला टोपण परत घालायचं नाही, एवढं एक पाळलंस तरी पुष्कळ. सुई टोचते ती बहुधा काम संपल्यावर, लक्ष पुढच्या पेशंटकडे गेलेलं असताना. म्हणून कटर आणि धारदार वस्तूंचा पांढरा डबा हाताशी हवा, पाठीमागच्या कोपऱ्यात नको. आणि तो तीन चतुर्थांश भरला की बदलायचा. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, मोजे लाल पिशवीत. इतकं करूनही टोचलीच तर जखम पिळू नकोस, चोखू नकोस. साबण-पाण्याने धू आणि रांग सोडून तडक कॅज्युअल्टीत जा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागते. बहात्तर तासांनंतर तिचा उपयोग नाही. आणि एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिस बीची धास्ती जास्त ठेव. एचआयव्ही बाधिताची सुई टोचली तर लागण होण्याचा धोका हजारात तीनच्या आसपास. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका शेकड्यात तीसपर्यंत जाऊ शकतो.

तेव्हा शेजारच्या दादाशी शर्यत लावू नकोस. सगळं मांडून ठेवलंस, क्रम अंगवळणी पडला आणि नमुने परत येईनासे झाले की तुझी रांग आपोआप पुढे सरकेल. स्पिरिट सुकायचा तो अर्धा मिनिट तेव्हाही राहीलच. तेवढ्या वेळात पेशंटला गावाचं नाव विचार, त्याचंही लक्ष सुईवरून हटतं. मॅडम पुन्हा ‘हात उचल’ म्हणाल्या तर त्या आठवड्यात कोणत्या टेबलावरचे किती नमुने लॅबने परत पाठवले, ते त्यांनाच बघायला सांग.

हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झाले का, ते तू लिहिलं नाहीस. शेवटच्या डोसानंतर महिन्या-दोन महिन्यांनी टायटर करून घ्यायचा असतो. झाला असेल तर आकडा कळव. झाला नसेल तर उद्या रांग सुरू व्हायच्या आधी पहिली ट्यूब तुझी जाऊ दे, आणि तीही त्या दादालाच भरू दे. बघ तो तुझं नाव विचारतो का!

तुझी,
मावशी