आरशासाठी घडलेल्या लेन्स, आरशाविना

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. तो दृश्य व्ह्यूफाइंडरकडे वळवतो आणि छायाचित्र टिपताना वर उचलला जातो. त्याच्या हालचालीला मोकळी जागा हवी असल्यामुळे लेन्स जिथे बसते ती कडी आणि फिल्म यांच्यातले अंतर, ज्याला फ्लँज अंतर म्हणतात, मोठे ठेवावे लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर आहे, तर आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांपैकी सोनीच्या ई माउंटमध्ये ते अवघे १८ मिलिमीटर. हा २८.५ मिलिमीटरचा फरक भरून काढणारी, आत काच नसलेली धातूची पोकळ कडी म्हणजे ॲडॅप्टर होय. सुरुवातीच्या मिररलेस कॅमेऱ्यांचे सेन्सर लहान असल्याने जुन्या वाइड अँगल लेन्सची रुंदीच त्यांवर कापली जाई. २०१३ मध्ये सोनीने ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आणला, तेव्हापासून या लेन्स पूर्ण दृश्यकोनासह वापरता येऊ लागल्या.

मात्र सगळ्या जुन्या वाइड अँगल लेन्स एका जातीच्या नाहीत, आणि प्रस्तुत लेखकाच्या अनुभवाचे सार या जातिभेदातच आहे. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसतो. त्यामुळे त्याच्या लेन्समध्ये मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते आणि मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना काचांची जवळपास सारखी मांडणी करता येते. अशा सममित रचनेत एका बाजूने निर्माण झालेली सरळ रेषांची वक्रता दुसऱ्या बाजूने बव्हंशी फिटते. लुडविग बेर्टेले यांची बिओगॉन ही अशा रचनेची नामांकित लेन्स. एसएलआरमध्ये मात्र आरसा आड येतो. निकॉनच्या १९५९ च्या एफ कॅमेऱ्यासाठी केलेली २.१ सेंटिमीटरची सममित निक्कॉर लेन्स तर आरसा वर उचलून ठेवल्याखेरीज बसवताच येत नसे आणि दृश्य पाहण्यासाठी वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागे. या अडचणीवरचा उपाय पिएर आंजेनिओ यांनी १९५० मध्ये रेट्रोफोकस या नावाने बाजारात आणला होता. त्यात पुढे प्रकाश फाकवणारा आणि मागे तो एकवटणारा काचसमूह ठेवून मागचे अंतर नाभीय अंतरापेक्षाही मोठे केले जाते. त्याची किंमत म्हणून लेन्स जाडजूड होते आणि सरळ रेषा कडेला थोड्या फुगतात.

फ्लँज अंतराचा विचार करता रेंजफाइंडरच्या लेन्स मिररलेस कॅमेऱ्याच्या जवळच्या नातलग वाटतात, आणि लेखकाचाही प्रारंभीचा ओढा त्यांच्याकडेच होता. त्याने निवडलेली ज्युपिटर-१२ ही ३५ मिलिमीटरची सोव्हिएत लेन्स जुन्या बिओगॉनवरूनच घडवलेली आहे आणि तिची मागची काच कॅमेऱ्याच्या पोटात इतकी खोल शिरते की ती बसवताना हात आपोआप सावध होतो. फिल्मला प्रकाश तिरपा आला तरी फारशी बाधा होत नाही. सेन्सरचे तसे नाही. त्याच्यावर संरक्षक व गाळणी काचांचा थर असतो, बऱ्याच कॅमेऱ्यांत तो दोन मिलिमीटरच्या आसपास जाड भरतो, आणि कडेला फार तिरपे येणारे किरण त्यातून जाताना एका बिंदूत जुळत नाहीत. शिवाय शेजारच्या पिक्सेलमध्ये प्रकाश झिरपल्याने कडांवर जांभळट छटा चढते. मागून प्रकाश घेणाऱ्या नव्या सेन्सरांत ही छटा कमी झाली आहे, पण काचेच्या थराने आलेला फिसकटलेपणा त्यामुळे जात नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात हा भेद डोळ्यांना स्पष्ट दिसला. दोन्ही हातांना स्तंभांच्या रांगा, वर लाकडी कमानी आणि टोकाला स्तूप, अशा जागेत चित्राच्या कडाच महत्त्वाच्या असतात. ज्युपिटरने स्तूप सुरेख टिपला, पण कडेच्या स्तंभशीर्षांवरचे हत्ती ओल्या रंगावर बोट फिरवावे तसे पुसट झाले. कडा कापून टाकाव्यात तर ३५ मिलिमीटरची लेन्स साधारण ५० मिलिमीटरच्या लेन्ससारखी वागू लागते, मग वाइड अँगलचा आटापिटा कशासाठी? त्याच ठिकाणाहून १९६७ साली प्रथम निघालेल्या २४ मिलिमीटरच्या निक्कॉरने, छिद्र एफ/८ वर ठेवल्यावर, कोपऱ्यांपर्यंत कोरीवकाम दाखवले. आरशासाठी केलेल्या तडजोडीमुळे तिच्यातून किरण कमी तिरपे बाहेर पडतात आणि तीच तडजोड सेन्सरला मानवते. प्रवेशद्वारावरच्या गवाक्षातून येणारा उजेड समोर घेतला की जुन्या लेपनामुळे चित्रावर पांढुरकी झाक येते खरी, पण हात आडवा धरून ती बरीच आवरता येते.

ॲडॅप्टरकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तो जास्त जाड झाला तर दूरचे दृश्य कधीच स्पष्ट होत नाही, म्हणून उत्पादक तो किंचित पातळच ठेवतात. नाभीय अंतराच्या वर्गाला जाडीतील चुकीने भागले की अनंत अंतर लेन्सवरच्या कोणत्या आकड्यावर येईल ते कळते: ०.१ मिलिमीटरच्या चुकीसाठी २०० मिलिमीटरच्या लेन्सवर ते ४०० मीटर, म्हणजे नगण्य, पण २४ मिलिमीटरच्या लेन्सवर पावणेसहा मीटरच्या खुणेवर येते. अशा वेळी अंतराच्या खुणांवर विसंबून फोकस करणे व्यर्थ ठरते आणि पडद्यावर दृश्य मोठे करून पाहणे हाच मार्ग उरतो. फोकस पीकिंग, म्हणजे स्पष्ट कडा रंगाने उजळून दाखवण्याची सोय, इथे फसवी असते, कारण वाइड अँगलमध्ये बहुतेक सगळेच तिला स्पष्ट वाटते. वर उल्लेखिलेल्या निक्कॉरमध्ये तर फोकस बदलताना मागच्या काचांचे पुढच्यांपासूनचे अंतरही बदलते, जेणेकरून जवळच्या दृश्यातले कोपरे सांभाळले जावेत. ॲडॅप्टर पातळ असेल तर ही जुळणी प्रत्येक अंतरावर थोडी हुकते. लेखकाच्या स्वस्त ॲडॅप्टरमध्ये कडी आणि नळी यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या घातल्यावर अनंताची खूण जागेवर आली आणि कोपरेही थोडे सुधारले.