झांस्करच्या घळईत

लेहहून श्रीनगरकडे जाणारा रस्ता निम्मू गावाजवळ आला की खाली दोन नद्यांचा संगम दिसतो. एकीकडून सिंधू येते आणि दुसरीकडून उंच उघडे कडे कापत झांस्कर. झांस्करच्या काठाने सुमारे २८ किलोमीटर वर गेले की चिलिंग हे लहानसे गाव लागते. चिलिंगपासून निम्मूपर्यंत पाण्यावरून राफ्टने येण्याची सोय उन्हाळ्यात असते. हिवाळ्यात हीच नदी गोठते. त्या बर्फाच्या वाटेला ‘चादर’ म्हणतात. झांस्करची माणसे तिच्यावरून चालत लोणी विकायला लेहच्या बाजारात येत असत. निम्मू, पदुम आणि दारचा यांना जोडणारा २९८ किलोमीटरचा रस्ता २०२४ मध्ये सलग झाला. त्यामुळे लोण्याच्या व्यापाराची ती वाट आता आठवणीतच राहील, असे दिसते.

नाशिकच्या भांडीबाजारात तीन पिढ्या तांब्यापितळेचा व्यापार करणारे एक कुटुंब चातुर्मास बसण्यापूर्वी या घळईत उतरले होते. थोरले काका, काकू, दोन पुतणे, एक सून आणि महाविद्यालयात शिकणारी पुतणी असा परिवार होता. वाटाड्या गढवालचा, पंचविशीचा तरुण होता. पावसाळ्यात ऋषिकेशला गंगेवरचे राफ्टिंग बंद असते. तेव्हा तिकडचे अनेक वाटाडे हंगामापुरते लडाखला येतात, त्यांतलाच तो एक.

आदल्या संध्याकाळी त्याने पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला होता. सकाळी तो दगड दिसेना. चार दिवस कडक ऊन पडले होते आणि वरचे बर्फ वेगाने वितळत होते. त्याने नदीकडे बराच वेळ पाहिले आणि आज नाव उतरणार नाही, असे सांगितले.

काकांना हे मानवले नाही. परतीची तिकिटे ठरलेली होती आणि हाती एकच दिवस जादा होता. “अधिक पैसे लागले तर देऊ,” ते हिंदीत म्हणाले. “चाचाजी, भरलेले पैसे परत देतो,” तो शांतपणे उत्तरला, “नाव नाही उतरवणार.” चाळीस वर्षे पेढीवर ज्यांचा शब्द शेवटचा मानला गेला, त्यांना यावर काय बोलावे ते सुचले नाही.

तो दिवस मात्र वाया गेला नाही. चिलिंग हे तांबटांचे गाव. शे येथील बुद्धमूर्ती घडवण्यासाठी सतराव्या शतकात नेपाळहून कारागीर आणले गेले. त्यांचेच वंशज येथे भांडी घडवतात, असे सांगतात. एका घरात काकांनी चहाची किटली हाती घेतली आणि तोटीच्या झाळकामावरून अंगठा फिरवला. मग ती उलटी करून हातोडीचे ठोके न्याहाळले. नाशिकच्या मठारकामाहून हे काम निराळे होते, पण हात तितकाच बसलेला होता. दोघे पत्र्याच्या जाडीविषयी तासभर बोलत बसले. एकाची हिंदी मराठी वळणाची, दुसऱ्याची लडाखी वळणाची! संध्याकाळी सूर्य लवकरच कड्याआड गेला. हा सूर्यास्त मानायचा का, असा प्रश्न मुलांनी काढला. काकूंनी वाद न वाढवता तेव्हाच सर्वांना जेवायला बसवले.

दुसऱ्या सकाळी दगड पुन्हा उघडा पडला होता. वेटसूट, लाइफ जॅकेट आणि हेल्मेट चढवून झाल्यावर तरुणाने अर्धा तास सूचना दिल्या. पाण्यात पडल्यास उताणे राहावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि उभे राहण्याचा यत्न करू नये, कारण पाय खडकात अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबून धरतो. शेवटी तो म्हणाला, “मी सांगेन तेव्हा वल्हवायचे आणि सांगेन तेव्हाच थांबायचे.” काकू राफ्टमध्ये न बसता गाडीने निम्मूला निघाल्या.

पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांनी ‘थरार’ हा शब्द फार स्वस्त केला आहे. त्या घळईत पहिला तासभर जाणवली ती शांतता. जांभळे, हिरवट, गंजलेल्या लोखंडासारखे खडकांचे थर तिरपे उभे होते आणि खाली राखाडी पाणी गाळाने जड होऊन वाहत होते. हात बुडवला की बोटे बधिर होत.

मग एका वळणावर नाव आडवी झाली आणि पुतणी पाण्यात गेली. काकांनी वल्हे सोडून हात पुढे केला. “चाचाजी, वल्हवा!” मागून तरुण ओरडला. खडक समोर होता आणि नाव सरळ झाली नसती तर सगळेच पाण्यात गेले असते. काकांनी वल्हे धरले आणि खडक मागे पडेपर्यंत मान वळवली नाही. मागे नदीत सोबतीचा कयाकवाला होता. मुलगी उताणी, पाय पुढे करून वाहत होती. कयाकच्या टोकाला धरून ती काठाला लागली, तेव्हा मिनिटभरही झाले नसेल.

निम्मूला काकू टॉवेल घेऊन उभ्या होत्या. “काका, तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत!” दात वाजत असतानाच पुतणी म्हणाली.

“त्यानं पाहू दिलं नाही,” काका म्हणाले.

तोवर तो तरुण राफ्टमधली हवा सोडू लागला होता. काका उठले आणि दुसऱ्या बाजूने घडी घालायला त्याला हात लावू लागले.