टोपलीखालचे पाहुणे

अमेरिकेत आणि कॅनडात कितीतरी शाळांच्या वर्गात माशांची एक टाकी असते. शोभेची नव्हे हं! तिच्यात सामन किंवा ट्राउट माशांची अंडी ठेवतात. मुलं रोज पाण्याचं तापमान बघतात, पिल्लांना खाऊ घालतात आणि ती जरा मोठी झाली की नदीत किंवा तळ्यात सोडून येतात. आपल्याकडे असं काही आहे का? आहे की! फक्त आपले पाहुणे मासे नाहीत, कासवं आहेत. आणि त्यांना वाढवायचं मात्र अजिबात नसतं. ते का, हे बघायला चला चिपळूणला.

चिपळूणच का? कारण 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था तिथली. २००२ साली या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांची घरटी मोजत किनाऱ्याने फिरत होते. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, की ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या इथे येतात, पण त्यांची अंडी काही टिकत नाहीत. काही माणसं खणून नेतात, उरलेली कुत्री-कोल्हे फस्त करतात. झालं! गरुड मोजायला गेलेली मंडळी कासवांची राखण करू लागली. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

वेळास तसं चिपळूणपासून लांबच. खेड, दापोली, मंडणगड करत जायचं, घाटवळणं मोजायची. गाव बाणकोटच्या किल्ल्याजवळ, नाना फडणवीसांचं मूळ गाव. तुमच्यासारखी कितीतरी मुलं आईबाबांबरोबर तिथे कासवं बघायला येतात आणि गावातल्याच घरांत उतरतात. आता अंड्यांची राखण वनखातं आणि गावकरी मिळून करतात. राखणदारांना 'कासवमित्र' म्हणतात.

थंडीच्या दिवसांत मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी मडक्यासारखा खड्डा करते, त्यात शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. मागे वळून बघतसुद्धा नाही! पहाटे कासवमित्र तिच्या पायांचे माग काढत येतात. अंडी हलक्या हाताने, उलटीपालटी न करता उचलतात आणि कुंपणाच्या आत तसाच, तेवढाच खोल खड्डा करून पुरतात. मग सुमारे दीड-दोन महिने वाट बघायची. उबवायचं काम वाळूच करते. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जन्मतात, थंड असेल तर नर. आहे की नाही गंमत?

पिल्लं बाहेर येण्याचे दिवस जवळ आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी ती उचलून बघतात. कधी खाली नुसती वाळूच असते, आणि मुलांचे चेहरे पडतात. कधी मात्र पंधरा-वीस काळपट पिल्लं वळवळत असतात. प्रत्येक तुमच्या तळहातात मावेल एवढं. मग ती समुद्रापासून थोड्या अंतरावर वाळूत ठेवतात. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही. पिल्लं उजेडाकडे धावतात, त्यामुळे भलत्या दिव्याने वाट चुकतात.

इथे प्रत्येक मुलाला एकच प्रश्न पडतो : "एवढंसं पिल्लू! त्याला उचलून पाण्यात का नाही ठेवत? बादलीत थोडं मोठं का नाही करत?"

तर त्याचं असं आहे. पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते. तेवढ्यावर त्याला किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात पोहोचायचं असतं. बादलीत गोल गोल फिरवलं तर शिदोरी तिथेच संपेल. शिवाय मोठी झाल्यावर माद्या जन्मलेल्या भागातच अंडी घालायला परततात, आणि किनाऱ्याची खूण पिल्लांना या सुरुवातीच्या प्रवासातच पटते, असं शास्त्रज्ञांना वाटतं. म्हणून ती थोडी वाळू त्यांची त्यांनीच चालायची. वाटेत लाट उलटं फेकते. पिल्लू सरळ होतं, पुन्हा निघतं. बघताना आपलाच जीव खालीवर होतो. हजारातून एखादंच मोठं होतं म्हणतात.

मोठं झालेलं कासव किती लांब जातं? मार्च २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका मादीच्या पायाला धातूचा बिल्ला लावला. क्रमांक ०३२३३. जानेवारी २०२५मध्ये हीच मादी कुठे अंडी घालताना सापडली माहीत आहे? चिपळूणजवळच्या गुहागरला! निदान साडेतीन हजार किलोमीटर पोहून. तोपर्यंत पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला, असाच बहुतेकांचा समज होता. नकाशा काढा आणि बोटाने तिची वाट शोधून बघा : श्रीलंकेला वळसा घालून आली असेल, की मधल्या उथळ समुद्रातून?