हातातला ब्रश आणि फाळक्यावरची रिकामी जागा

गेल्या मे महिन्यात मी बाळकुममध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाला जुन्या ट्रकचा रंग नवा करायला शिकवत होतो. कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. संध्याकाळी चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा फोन आला. "अरे, बाबासाहेबांनी 'शिका' सांगितलं. तू पोराच्या हातात पॉलिश पेपर देतोस? आपल्या बापजाद्यांनी हेच केलं ना? मग एम. ए. कशाला केलंस?"

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तोच प्रश्न मी स्वतःला आठवडाभर विचारत होतो. म्हणून हा लेख.

आधी प्रकरण काय ते सांगतो. मुलगा आमच्या अभ्यासिकेत येणारा. दहावीला गणितात गेला. वडील वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आले आणि शेवटी कर्ज काढून एक जुना ट्रक घेतला. जुन्या आग्रा रोडने कशेळी, काल्हेर, भिवंडीच्या गोडाऊनमधला माल वाहायचा हा धंदा. गाडीचं पासिंग जवळ आलं होतं. पत्रा गंजलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा परवडणारा नव्हता. मुलगा माझ्याकडे आला. "दादा, तुम्हाला येतं ना? मला शिकवा."

मला येतं, कारण माझा मामा बाळकुमच्या एका गॅरेजात रंगारी होता. शाळेच्या सुट्टीत मी त्याच्या हाताखाली असायचो. लांबी भरणं, वॉटर पेपर फिरवणं, दोरीने रेघ आखून अक्षर काढणं, सगळं त्याच्याकडून शिकलो. ट्रकच्या कपाळावरची अक्षरं त्या गॅरेजात फक्त मामा काढायचा. गिऱ्हाईक त्याचं नाव घेऊन यायचं. पण मालकाच्या वहीत मामाच्या नावापुढे शेवटपर्यंत 'हेल्पर' असंच लिहिलेलं होतं. पगारही हेल्परचा. मिस्त्री म्हणून नोंद दुसऱ्याची, ज्याला मामाने ब्रश धरायला शिकवलं होतं. मामाने कधी भांडण केलं नाही. रात्री खोकत बसायचा, तेवढंच.

समाजशास्त्र शिकताना मला कळलं की ही एका मामाची गोष्ट नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथेच अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे ठेवला. विचार करा मित्रांनो. लाल बावटा खांद्यावर घेणारेसुद्धा या भेदाबद्दल गप्प होते. बाबासाहेब तिथे काय मागत होते? 'आमच्या माणसांना गिरणीतून बाहेर काढा' असं नाही. चांगल्या मजुरीच्या, कसबाच्या कामाचा दरवाजा आमच्यासाठीही उघडा, हे ते मागत होते.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तेव्हा अस्पृश्य विद्यार्थ्यांना शास्त्र आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, असा त्यांनी आग्रह धरला. यंत्राला, हत्याराला हात लावू नका असं त्यांनी कधीच सांगितलं नाही. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी मांडलं की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तिच्यात माणसाच्या आवडीला, कुवतीला जागा नाही. मामा रंगारी होता हा अन्याय नव्हता. त्याच्यासमोर दुसरा रस्ता नव्हता आणि जे उत्तम येत होतं त्यालाही 'हेल्पर' म्हटलं गेलं, हा अन्याय होता.

म्हणून मी हो म्हणालो. पण दोन अटी घातल्या. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचा आणि रोज सकाळी दोन तास गणित. आणि जुना रंग खरवडायचं काम तू करायचं नाहीस, मी करणार.

दुसऱ्या अटीवर तो रुसला. त्याला वाटलं, मुख्य मजा तिथेच आहे. मी त्याला मामाचा खोकला सांगितला. जुन्या इनॅमलमध्ये, त्यातही पिवळ्या, केशरी, लाल छटांमध्ये, शिसं असायचं. कोरडं घासलं की त्याची धूळ छातीत जाते, हाताला लागून जेवणात जाते. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. गाड्यांच्या पत्र्यावर आधीच चढलेल्या थरांना तो नियम काय करणार? ती धूळ आजही गॅरेजातली पोरंच खातात. कुणाची पोरं, ते सांगायला नको. म्हणून मी मास्क बांधून, पाणी मारत मारत जुने थर काढले. वस्तीतल्या लहान मुलांना जवळ येऊ दिलं नाही. तो लांब उभा राहून वडिलांसारखाच कंबरेवर हात ठेवून बघत होता.

पत्रा उघडा झाल्यावर त्याचं काम सुरू झालं. आधी रॉकेलच्या फडक्याने तेलकटपणा पुसायचा. मग रेड ऑक्साइडचा हात. तो वाळल्यावर खड्ड्यांत लांबी, पातळ थरात, एकदम जाड नाही. मग वॉटर पेपर, आधी २२० आणि नंतर ४००. त्याने पहिल्याच दिवशी लांबीचा जाड गोळा भरला. दुसऱ्या दिवशी त्याला भेग गेली. मी काही बोललो नाही. त्याने स्वतःच ती खरवडून पुन्हा भरली. त्याला केबिन निळी करायची होती. पण आरसीवर लिहिलेला रंग बदलला की आरटीओकडे नोंद बदलून घ्यावी लागते. म्हणून होता तोच तपकिरी.

किती रंग लागेल, हे त्यालाच काढायला सांगितलं. हौद्याची एक बाजू १४ फूट बाय ५ फूट. दोन बाजूंचे झाले १४० चौरस फूट. मागचा फाळका ६ बाय ५, म्हणजे ३०. एकूण १७०. आकडा बरोबर आला, पण हात दोन मारायचे हे तो विसरला. रंग संपला. दुसरा डबा आणला, तर त्याची छटा किंचित वेगळी निघाली. डाव्या बाजूला अजूनही तो फरक दिसतो. गाडी जवळून गेली की माझं लक्ष तिथेच जातं. त्याचंही जातं, असं तो सांगतो.

सहाव्या दिवशी मला ज्याची भीती होती तेच झालं. तो म्हणाला, "दादा, मला हेच करायचंय. परीक्षा नको. गॅरेजवाला उद्यापासून ये म्हणतोय."

म्हणजे फोन करणारे कार्यकर्ते बरोबर होते का? त्या रात्री मला झोप लागली नाही. सरकारनेही हेच केलं आहे. २०१६ च्या बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी केली, पण शाळेनंतर कुटुंबाच्या धंद्यात मदत करायला मोकळीक ठेवली. ऐकायला गोड वाटतं. पण या देशात कुटुंबाचा धंदा कुणी ठरवला? ज्याच्या बापाच्या हातात झाडू, त्याच्या पोराच्या हातातही झाडूच, याला 'मदत' म्हणायचं का? आमचा मुलगा सोळाचा, ही तरतूद त्याला थेट लागू नव्हती. पण मी त्याच मळलेल्या वाटेवर त्याला नेऊन सोडत होतो का?

सकाळी मी त्याला भाषण दिलं नाही. मामाच्या वहीची गोष्ट सांगितली. म्हणालो, "काम तुझ्या हातात बसतंय. पण कागद नसेल तर तुझं काम दुसऱ्याच्या नावावर चढेल. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड आहे. त्याला दहावी पास लागते, गणित आणि विज्ञान घेऊन. पास झालास तर गॅरेज, आयटीआय, कॉलेज, तिन्ही दारं उघडी. नाही झालास तर फक्त गॅरेज. तेही मालक म्हणेल त्या पगारावर. मग ठरव." तो गप्प बसला. गणिताला आला. पास झालाच, असं मी लिहिणार नाही. हे लिहितोय तोवर निकाल लागलेला नाही.

शेवटचं काम मागच्या फाळक्याचं. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. पासिंगसाठी मागे लाल, पुढे पांढऱ्या आणि बाजूला पिवळ्या परावर्तक पट्ट्या आम्ही लावल्या. मग तो म्हणाला, "आता मोठ्या अक्षरांत जय भीम." मी खूश झालो. खडू घेऊन रेघही आखली.

त्याचे वडील चहा घेऊन आले, अक्षरांची जागा बघितली आणि हळूच म्हणाले, "सर, गाडी रोज गोडाऊनला लागते. तिथे कोण कसा बघेल सांगता येत नाही. हप्ता माझा आहे."

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. बाळकुम नाक्यावर मेट्रोच्या खांबांखालून दिवसभर गाड्या जातात. त्यांच्यावर देव असतात, कुळं असतात, जातीसुद्धा मिरवल्या जातात. त्यांचं भाडं तुटत नाही. मग भीती फक्त आपल्यालाच का? प्रश्न खरा आहे आणि तो व्यवस्थेला विचारायचा आहे. पण मी तो त्या बापाला विचारणार होतो. घोषणा माझी आणि हप्ता त्यांचा. मी गप्प बसलो. फडक्याने खडूची रेघ पुसली.

मुलगा चिडला. वडिलांशी दोन दिवस बोलला नाही. मग एके रात्री त्या दोघांनीच ठरवलं. केबिनच्या आत, काचेच्या वर, ड्रायव्हरला समोर दिसेल असं 'जय भीम' मुलाने स्वतः लिहिलं. मामाच्या वळणाचा 'भ' त्याला मी शिकवला होता. फाळक्यावर फक्त 'सुरक्षित अंतर ठेवा', आणि त्याच्या वरची जागा कोरी. वडील म्हणाले, "हप्ते फिटू दे. मग लिही."

फोन करणाऱ्या त्या ज्येष्ठ साथींना माझं उत्तर एवढंच. आपण पोरांच्या हातातून ब्रश काढून घेऊ नये. त्याच्याबरोबर मास्क द्यावा, दहावीचा कागद द्यावा, वहीत 'मिस्त्री' अशी नोंद भांडून मिळवून द्यावी, आणि नको वाटलं तर ब्रश ठेवून निघून जायची वाटही मोकळी ठेवावी. आपल्या वस्तीच्या आसपास किती गॅरेजांत किती पोरं कोरडा रंग घासतायत, कुणाच्या नावापुढे काय पगार लिहिला जातोय, हे एकदा जाऊन विचारा. आमची अभ्यासिका बाळकुमपासून सुरुवात करते आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता नाक्यावर भेटू.

जय भीम! नमो बुद्धाय!